अंगठ्याखालची चीर

मी गाडी बोलतेय. दोन सीटांची, बुटकी, गडद हिरवी. आत बसायचं तर गुडघे हनुवटीला लागतात, तरी माणसं वळून वळून माझ्याकडेच बघायची. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी मला हौसेनं घेतलं आणि जाताना लेकीच्या हवाली केलं.

बत्तीस वर्षं माझ्या इंजिनाला एकाच माणसाचा हात लागला. वर्कशॉप दोघा भावांचं. थोरल्याला सगळे दादा म्हणत. बोनेट उघडायच्या आधी दादा डोळे मिटून ऐकायचे. "हिचा श्वास पुरत नाहीये," म्हणायचे आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचे. लगेच मी मांजरासारखी गुरगुरायला लागायचे.

धाकटाही कामाला वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "दादा आहेत का?"

"मी आहे ना."

"नको, मग उद्या येतो."

हे त्यानं वीस वर्षं ऐकलं.

एकदा मी सर्व्हिसिंगला आले होते. दादा चहाला गेले. धाकट्यानं ब्लेड घेतलं आणि इंजिनात हवा ओढणाऱ्या रबरी पाइपाला खालच्या बाजूनं चीर दिली. नखाएवढी, वरून दिसणार नाही अशी.

दादांनी येऊन किल्ली फिरवली आणि मी थरथरले. उभ्या उभ्या इंजिन आपोआप चढायचं, मग घसरायचं आणि मरायचं. दादांनी प्लग बदलले, कार्बोरेटर सोडवून धुतला, थ्रॉटलची झडप घासली, स्प्रिंग नवी घातली. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरोबर ताडलं. "कुठूनतरी जादा हवा ओढतेय ही. एकेक सांधा बघू."

धाकटा टॉर्च धरायच्या निमित्तानं वाकला, हात खाली घातला आणि चिरेवर अंगठा दाबला. माझा श्वास सरळ झाला.

"ऐक! सुधारली!" दादांचा चेहरा उजळला.

धाकट्यानं अंगठा उचलला. "कुठे, दादा? तशीच तर आहे."

"अरे, आत्ता सरळ चालली होती."

"मला नाही तसं वाटलं. तुला भास झाला असेल."

चार वेळा त्यानं हा खेळ केला. चौथ्यांदा मी सुधारले, तेव्हा दादा स्वतःचाच कान चोळायला लागले.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांच्यादेखत धाकटा म्हणाला, "दादा, जरा बाजूला हो." पाच मिनिटांत त्यानं पाइप बदलला. मी सुरेख चालायला लागले. स्वतःच्या आवाजाची मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. दादांनी भावाची पाठ थोपटली, अगदी मनापासून. "बाई, माझा कान गेला. यापुढे गाडी याच्याकडेच देत जा."

तेव्हापासून दादा दाराशी खुर्ची टाकून फोन घ्यायला लागले.

सहा महिन्यांनी मला खरंच दुखणं लागलं. ॲक्सिलरेटरची केबल आतल्या आत विसकटली होती. पाय काढला तरी रेस उतरायला क्षणभर वेळ लागायचा. धाकट्यानं तेल बदललं, फडकं मारलं, किल्ली बाईंच्या हातात दिली. मी दारातून निघाले आणि दादा खुर्चीतून उठले.

"रेस उशिरा उतरतेय हिची. केबल बघ रे."

"आता तुला ऐकू यायला लागलं होय?" धाकटा भरल्या वर्कशॉपात म्हणाला. माणसं हसली. दादाही ओशाळून हसले आणि बसले.

उतारावर केबल अडकली. बाईंनी पाय काढला तरी मी पळतच राहिले. त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला, मग किल्ली बंद केली, पण तोवर वळण आलं होतं. समोर भिंत होती. बाईंचे दोन्ही गुडघे चुरले. पेशंटच्या खुर्चीशी त्या आता उभ्या राहू शकत नाहीत.

मला ओढून वर्कशॉपच्या मागे आणलं. धाकट्यानं अडकलेली केबल उपसून खिशात घातली आणि बाहेर जाऊन सांगितलं, "मी फक्त पाइप बदललेला. तेव्हा तीन दिवस थ्रॉटलपासून सगळं उचकलं ते दादानं." दादांना ते पटलं. ते दवाखान्यात जाऊन बाईंची माफी मागून आले. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं म्हणे.

आता माझं नाक सीटपर्यंत आत गेलंय. हेडलाइट, आरसे, बॅटरी, जे निघण्यासारखं होतं ते काढून नेलंय. उद्या भंगाराचा ट्रक येणार आहे.

आज दुपारी दोघे भाऊ मागे आले. बायकोच्या हट्टामुळे दादांनी कान तपासून घेतले होते. हातात रिपोर्ट होता.

"कान ठणठणीत आहेत म्हणतात," दादा हळूच म्हणाले. "मग त्या दिवशी मला नीटच ऐकू आलं असेल का रे?"

धाकटा माझ्या दाराचं हँडल सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नीट ऐकू आलं होतं तर बाईंना जाऊ का दिलंस?"

दादांनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक. ती बोटाएवढी होईपर्यंत घालत राहिले. मी होता नव्हता तेवढ्या पत्र्यानिशी ओरडायला बघितलं, पण इंजिन चालल्याशिवाय मला जीभ नाही. हँडल निघून आलं. धाकट्यानं ते फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाला, "चल दादा, आत फोन वाजतोय."

फोन मागपर्यंत खणखणत होता. दादा म्हणाले, "मला नाही आला ऐकू."