रबरी बूच काढले त्या दिवसापासून

मी एक जुनी काचेची बाटली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत वरच्या फळीवर बसते. मित्रांनो, मला अक्षर वाचता येत नाही. पण माझ्या पोटात काय आहे, ते मला कुणी शिकवायला नको.

माझ्या पोटात सोडियम ऑक्साइड आहे. जुन्या सरांनी तो माझ्या डोळ्यांदेखत केला. सोडियम मोकळ्या हवेत जाळला तर भलतेच पिवळट काहीतरी होऊन बसते. म्हणून त्यांनी बंद भांड्यात सोडियम आणि कोरडा कॉस्टिक सोडा एकत्र तापवला. हायड्रोजन निघून गेला आणि हा पांढरा, तापट गडी मागे राहिला. नुसती दमट हवा लागली तरी बिघडतो. पाणी लागले तर विचारूच नका! खदखदतो, उडतो, कातडी जाळतो. सरांनी मला घट्ट रबरी बूच लावले, वर मेण. वीस वर्षे आमचा संसार बिनबोभाट चालला.

मग नव्या बाई आल्या. हौस दांडगी! बाटल्यांवरच्या मळक्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, नव्या लावायच्या राहूनच गेल्या. वर सगळ्यांना सारखी काचेची बुचे, का तर शोभा येते! अहो, काचेच्या बुचाच्या फटीतून दमट हवा शिरली की हा गडी काच खातो. दोन महिन्यांत बूच माझ्या गळ्यात असे रुतले की निघता निघेना.

बाईंनी ओढले, पिळले. शेवटी बूच सैल व्हावे म्हणून गरम पाण्याचे पातेले आणले आणि मला त्यात धरायला निघाल्या. मी ओरडणार कशी?

फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडके टाकून त्यांचे मनगट धरले.

"थांबा बाई! हिला पाणी नको."

"अहो मावशी, साधं मीठ असेल."

"मीठ आहे ना? मग चाटून दाखवा."

बाई माझ्यावर चिठ्ठी शोधू लागल्या.

"जुने सर हिला कोरड्या हातांशिवाय शिवत नव्हते. काच तडकली तर तुमचं तोंड बरोबर वर आहे. डोळे काय बाजारात मिळतात?"

बाईंनी मला अलगद खाली ठेवले. सरांची जुनी वही काढून वाचली. मग मावशींना बसायला स्टूल दिले आणि उभ्यानेच माझी चिठ्ठी लिहिली.

आता मी कोरड्या वाळूच्या पेटीत आहे. बूच अजून गळ्यात तसेच. मित्रांनो, बाटली नटवण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते विचारा. आणि चिठ्ठी खरवडलीच असेल, तर निदान फरशी पुसणारीचे तरी ऐका.