मान खाली म्हणजे हो

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पुढे फुगीर काच, मागे मोठी ढेरी. सेकंदाला पन्नास चित्रं काढायची, एवढंच कारखान्यात मला शिकवलं होतं. ते मी इमानाने केलं. घराने कौतुकाने माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला. मग बाहेरच्या खोलीत सडपातळ नवा टीव्ही आला आणि माझी रवानगी आजोबांकडे झाली.

पक्षाघाताच्या झटक्याने आजोबांची वाचा गेली होती, हातपायही. उरली होती मान. म्हणून घरात नियम ठरला: मान खाली म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. चहा? खाली. अंघोळ? आडवी. संध्याकाळी आम्ही दोघं बातम्या बघायचो. बातम्या देणारी बाई शेवटी निरोप घ्यायची, तेव्हा आजोबाही मान झुकवायचे.

मग मामाने परदेशातून चिमीसाठी, म्हणजे आजोबांच्या नातीसाठी, एक जुना गेम आणला. नव्या टीव्हीला त्याची वायर बसेना.

"आजोबांचा डबा आहे की!" चिमी म्हणाली.

गेम सेकंदाला साठ चित्रं पाठवू लागला. माझी धाव पन्नासची. रंग उडाले, चित्र वर वर पळू लागलं.

"म्हातारा धापा टाकतोय," मामा हसला. आजोबा शेजारीच होते. "थांब, याचा कान पिळतो."

माझ्या पाठीवर एक छोटं बटण आहे. त्याने ते पिळलं आणि चित्र थांबलं. काळंपांढरं, पण थांबलं. आजोबांची खुर्ची मध्ये येत होती, ती भिंतीकडे वळवली.

खेळून झालं की खुर्ची फिरवून बातम्या लावून द्यायचे. बातम्या पन्नासनेच यायच्या, बटण मात्र कुणीच परत फिरवलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना टी

माफ करा, घसरलं. पुन्हा वरून.

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि आता ती बाई माझ्या काचेवरून खाली घसरत होती. खाली गेली की वरून परत यायची. आजोबा तिचा चेहरा पकडू बघायचे. मान खाली. वर. पुन्हा खाली.

"आजोबा ताल धरतायत!" चिमी टाळ्या पिटायची.

चिमीला स्वतःची खोली हवी होती. एका संध्याकाळी आजोबांचा मुलगा फोन घेऊन आला. दारातच थांबला.

"बाबा, तिकडे चांगली सोय आहे. नर्स आहे, बाग आहे. जाल ना?"

खाली.

"बघा हं, आम्ही काही ढकलत नाही तुम्हाला."

खाली.

"अहो भाऊजी, टीव्ही बंद करून विचारा की," मागून मामा म्हणाला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. घसरणारी बाई त्याला दिसली. मग त्याने आजोबांच्या मानेकडे पाहिलं. त्याला कळलं, मित्रांनो. मी पाहिलं ते.

"कशाला? रमलेत ते," तो म्हणाला. "बाबा, मग उद्या गाडी बोलावतो?"

खाली.

मग त्याने मला बंद केलं. आजोबांची मान थांबली, आणि आडवी हलू लागली. जोरात. पण मुलगा पाठ फिरवून फोनवर बोलत होता. "हो, हो. स्वतःच तयार झाले."

आता खोली चिमीची आहे. गेम माझ्यावाचून चालत नाही, म्हणून मला कुणी कुठे पाठवत नाही. रोज पुसतात. चित्र अगदी स्थिर आहे.

जुन्या वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. मला छान जपलंय. तुम्ही एवढंच करा. घरातल्या कुणाला काही विचारायचं असेल, तर आधी मला बंद करा. मग दारातून नको, समोर येऊन बसा आणि विचारा.