कपडेपटाची खोली

"आन् बायांनी जायचं कुठं?"

मल्लम्मानं विचारलं तसे नकाशावर वाकलेले दोघे सरळ झाले. रंगमंचाच्या मधोमध नकाशा पसरला होता, चारही कोपऱ्यांवर विटा. लातूरचं हे जुनं नाट्यगृह आता दुप्पट होणार होतं. सातशे खुर्च्या, एसी, गाड्या लावायला जागा, आणि पुढच्या दारापाशी पाहुण्यांची खास खोली, आतच संडास-बाथरूम.

"कुठं म्हंजे? कशाला, मावशी?" इंजिनियर रविकिरण म्हणाला. शिकलेला माणूस, त्याला सगळं उघड करून सांगावं लागत होतं.

"पाहुणा येतो, हार घालून घेतो, जातो. त्याला संडास. न् नाटकातली बाई दुपारपासून रंग लावून बसून राहिली, तिला?"

समितीचे अध्यक्ष माणिकप्पा खाकरले. "अक्का, इतकी वर्षं चाललंच की."

चाललं होतं, खरंच. एकतीस वर्षं मल्लम्मा औशाहून बसनं येऊन नाटकांचा कपडेपट सांभाळत होती. पुरुषांना मागची भिंत होती, बायकांना मल्लम्मा होती. मध्यंतर झालं की नटीच्या डोक्यावर चादर टाकायची आणि गल्ली ओलांडून नागम्माच्या घरी न्यायची. चादरीखाली मुकुट. पानटपरीवरून आरोळी यायची, "राणीसाहेबांची स्वारी निघाली हो!" मल्लम्माही हसायची. हसल्याशिवाय ती गल्ली ओलांडताच यायची नाही.

मग मंजुश्री या नटीचं झालं. नागम्मा गावाला गेलेली, घराला कुलूप. ते ठाऊक म्हणून मंजुश्रीनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि दिवस मे महिन्याचे. शेवटच्या अंकात ती उभ्याउभ्या कोसळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय जिवंत काम! पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात, आणि आत मल्लम्मा तिच्या तोंडावर पाणी मारत होती. त्यानंतर मंजुश्रीनं तोंडाला रंग लावला नाही.

हे सगळं माणिकप्पांना माहीत होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते.

"जागा निघंल," रविकिरण नकाशावर बोट फिरवत म्हणाला. "पण आतून जायचं तर मागच्या भिंतीलाच करावं लागंल. मैल्याची लाइन तिथूनच जाती. न् तिथं एकच खोली हाय."

"कोणती?"

त्यानं माणिकप्पांकडं पाहिलं. माणिकप्पाच बोलले, खाली बघत. "तुमची, अक्का. कपडेपटाची."

"मग कपडे कुठं ठिवायचे?"

"आता कोण ठिवतंय, अक्का? सगळे भाड्यानंच आणून राहिलेत. उद्या खोली काय, कपडेपट तरी..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. दुकानदार माणूस, वाईट भाव पुरता सांगायचा नाही ही जन्माची सवय.

मल्लम्माला कळायचं ते कळलं. म्हणजे कामही गेलं, आता दिवसभर औशाला, सुनेच्या घरात. सून वावगा शब्द बोलणारी नव्हती. तरी दिवसभर तिच्यासमोर बसायचं म्हणजे लई मोठा दिवस. "राहू द्या मग" एवढं म्हटलं असतं तर नकाशा होता तसा राहिला असता, आणि दोघांनी सुटल्यासारखा श्वास सोडला असता. गुडघे तर सकाळपासूनच दुखत होते. ती हाताचा रेटा देऊन उठली.

"चल बाबा, खोली दाखवते."

आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. खुंट्यांवर शालू, अंगरखे, एका फकिराची कफनी. मल्लम्मानं पेटी ओढून कडेला घेतली. रविकिरण खडू घेऊन उकिडवा बसला.

"एक आरामात बसंल, मावशी."

"दोन काढ."

"अडचण होईल."

"होऊ दे. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतंय, न् बायांना नऊवार सावरायचं असतंय."

माणिकप्पा दारातच उभे होते. आत आले नाहीत.

रविकिरणनं मधली रेघ ओढायला घेतली. भिंतीपासून सरकत खडू मल्लम्माच्या चपलेपाशी येऊन थांबला. तिनं पाय उचलून बाजूला घेतला.