टेप पोचली नाही

मी तापट माणूस आहे. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजचा सर्व्हर माझ्या ताब्यात असल्यामुळे ते मला सहन करतात, एवढंच.

मंगलमावशी कडेगावजवळच्या एका वाडीत राहतात. गेली अकरा वर्षं दर सोमवारी त्या वाडीतल्या सव्वीस विहिरी-बोअरमध्ये टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतात. भूगोल विभागाच्या एका प्रकल्पातून हे काम सुरू झालं. तीन वर्षांत प्रकल्प संपला, मानधन थांबलं, तो चालवणारे सरही बदलून गेले. मावशींचं मोजणं काही थांबलं नाही. संध्याकाळी त्या मला फोन करतात, आकडे सांगतात आणि मी टाइप करतो.

एका सोमवारी त्या म्हणाल्या, "बिराप्पाचं बोअर. टेप पोचली न्हाई."

"म्हणजे कोरडं?"

"कोरडं कसं म्हनू? माजी टेप शंभर फुटाची. पानी त्याच्या खाली आसंल की. मला घावलं न्हाई म्हंजी न्हाईच, आसं कसं लिवायचं?"

मला घाई होती. मी वैतागून 'कोरडं' असं टाइप केलं आणि विसरून गेलो.

या वर्षी वाडीच्या ग्रामसभेपुढे एक ठराव आला: दोन वर्षं नवं बोअर पाडायचं नाही. ज्यांना बोअर पाडायचं होतं ते म्हणू लागले, पाणी कुठं खाली गेलंय, हे सगळं बाईच्या मनचं आहे. सरपंचांनी मावशींना सांगितलं, अकरा वर्षांचे आकडे कागदावर आणा. कॉलेजच्या तळमजल्यावर ठेवलेल्या पहिल्या पाच वर्षांच्या वह्या दोन हजार एकोणीसच्या महापुरात गेल्या होत्या. त्यानंतर मावशींनी वहीच सोडली. पाटीवर लिहायच्या, मला फोनवर सांगायच्या आणि पुसायच्या. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता. ग्रामसभा गुरुवारी होती.

बुधवारी सकाळी मी सर्व्हरचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अपग्रेड केलं. तेवढ्यासाठी मला दुसरा दिवस मिळाला नाही! मशीन पुन्हा सुरू झालं, पण आकडे ठेवलेल्या चारही डिस्क गायब. बॅकअप होता, पण त्याच चारांपैकी एकीवर. माझ्या अकलेचे दिवे. वायरी काढून बसवल्या, डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या असतात ते पुसलं, मशीनला शिव्या घातल्या. अकरा वाजता सर्व्हरच्या नोंदींच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चारही डिस्क गेल्या.' मग इंटरनेटवर कुणा शहाण्याचा उपाय सापडला: कार्डाच्या स्वतःच्या स्क्रीनमध्ये जाऊन डिस्कची मांडणी नव्याने करा. तसं केलं तर आधीचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीन विचारत होतं. गेलेल्या डिस्कमध्ये पुसायला राहिलंय काय, असं म्हणून मी बोट कीबोर्डवर ठेवलं.

"सर, कागद झालं का?" दारात मंगलमावशी उभ्या होत्या. सकाळच्या एसटीने आल्या होत्या, हातात रिकामी पिशवी होती.

मला खोटं बोलवलं नाही. "मावशी, डिस्क गेल्या. तुमचे आकडे गेले. माझ्या हातून झालं."

त्या खाली बसल्या. मला वाटलं रडतील. मीच रडायच्या बेताला आलो होतो. मग त्यांनी विचारलं, "मशीन काय म्हनतंय? गेल्या म्हनतंय?"

"सापडत नाहीत म्हणतंय."

"मग गेल्या आसं तुमी म्हनताय. आवं सर, ही तर टेप न पोचल्यावानी झालं."

मी कीबोर्डवरचं बोट काढून घेतलं.

"आमाला मागं कुनीतरी नवी टेप दिलीती. लय चकचकीत. त्या सोमवारी सहा इहिरी एकदम कोरड्या. म्हनलं, आठ दिसांत पानी कुठं पळालं? बगितलं तर नवी टेप पन्नासच फुटाची. जुनी सोडली, लागलं पानी." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तुमी काल-आज बदललं काय?"

"कर्नल."

"जुनं टाकून दिलं?"

दिलं नव्हतं! जुनं कर्नल मशीन आपणहून ठेवतं, सुरू होताना यादीत दाखवतं. मी त्या स्क्रीनमधून काहीही न पुसता बाहेर पडलो. आधी नव्या कर्नलमध्येच नीट पाहिलं. कार्ड जागेवर दिसत होतं, फक्त त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हरच नव्हता. कार्ड जुनं झालं म्हणून नव्या कर्नलने त्याचा ड्रायव्हर वगळला होता. मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि यादीतलं जुनं कर्नल निवडलं.

एक डिस्क आली. दुसरी आली. मग तिसरी आणि चौथी. सव्वीस विहिरी-बोअर आणि अकरा वर्षांचे सोमवार, सगळे होते. बारा वर्षं मी ही मशिनं हाताळतोय आणि सातवी शिकलेल्या या बाईने मला माझं काम शिकवलं. मी तसं म्हणून दाखवलं, तर म्हणाल्या, "छापा आता. दोनची गाडी हाय."

कागद निघत होते आणि त्या एकेका ओळीवरून बोट फिरवत होत्या. एका जागी बोट थांबलं.

"हितं बिराप्पाचं बोअर कोरडं लिवलंय."

"ते मी लिहिलं. चुकलं."

"मग दुरुस्त करा."

"मावशी, गाडी जाईल. एका ओळीने काय होतंय?"

"गाडी दुसरी येती," त्या म्हणाल्या. "उद्या बिराप्पाच समोर बसनार हाय. एक खोटं निगालं तर अकरा वरसं खोटी."

मी दुरुस्त केलं. ते पान पुन्हा छापलं. दोनची गाडी गेली.

सोमवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. ठराव झाला, असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं, आणि पुढच्याच दमात, "हं, लिवा."

"थांबा मावशी, एक मिनिट."

मी रजिस्टर ओढलं. बुधवारची 'चारही डिस्क गेल्या' ही ओळ खोडली आणि तिच्यावर लिहिलं, 'टेप पोचली नाही.'

"हं, सांगा," मी म्हणालो.