आर्डिसच्या मापाची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. वाघाच्या शिकारीची वगैरे नव्हे. माझ्या वाट्याला आयुष्यभर गोफर आले. गोफर म्हणजे बिळात राहणारी, खारीएवढी, दोन पायांवर उभी राहून शिट्ट्या मारणारी जनावरं. दिसायला गोजिरवाणी, पण पाटाचा बांध पोखरतात, गुरांच्या चाऱ्यासाठी लावलेल्या लसूणघासाच्या शेताची चाळण करतात, आणि त्यांच्या बिळात पाय जाऊन घोडा पडला की बहुतेक वेळा तो पुन्हा उठत नाही. इथे अमेरिकेतल्या मोंटानात कुणी त्यांचं कौतुक करत नाही.

माझ्यात एका वेळी एकच काडतूस बसतं. खालची कडी ओढली की पोलादी ठोकळा खाली सरकतो. काडतूस आत सारायचं, कडी वर घ्यायची. बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझ्याशी घाई करून भागत नाही. कारखान्यात माझी नळी मुद्दाम जाड आणि जड ठेवली, लांबचा नेम साधावा म्हणून. वर नेमाची दुर्बीण आणि मागे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला, त्यावर तेलाचे हात दिले आणि मला आगगाडीने पश्चिमेला धाडलं.

हॅल्वर ब्राटली यांची तांबडी घोडी बिळात पाय मोडून मेली, त्याच वसंतात त्यांनी मला विकत घेतलं. अंगाने धिप्पाड, स्वभावाने तापट माणूस. बांधावर पालथे पडून ते बार काढत आणि गोफर शिट्टी मारून बिळात जात.

"दुर्बीणच वाकडी आहे हिची!" ते ओरडले.

शेजारी त्यांची मुलगी आर्डिस बसली होती. अंगात भावाचा जुना कोट. ती म्हणाली, "बाबा, मी बघू?"

तिने बघितलं. बराच वेळ नुसतं बघितलं. मग श्वास सोडला आणि चाप ओढला. शिट्टी मारायला उभा राहिलेला गोफर तिथेच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आर्डिसचा हात मापला आणि करवत घेऊन माझा दस्ता मागून कापला. लाकडाचा भुसा पडताना माझा जीव कळवळला होता. पण नंतर तिने मला खांद्याला लावलं, आणि आपण कुणासाठी घडलो ते मला तेव्हा कळलं.

"पण बाबा, आता ही तुम्हाला आखूड होईल."

"मला काय करायचीय? माझे डोळे गेले खड्ड्यात. तू मार, मी काडतुसं भरतो."

तसंच चाललं, पुढे कितीतरी वर्षं. पावसाच्या दुपारी बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. हॅल्वर बंदुकीची दारू मापून काडतुसं भरत, आर्डिस माझ्या नळीतून तेलाचं फडकं फिरवी. शेजारपाजारचे शेतकरी निरोप धाडत, "ब्राटलीच्या पोरीला पाठवा जरा, आमचा बांध फुटायला आलाय." ती जायची आणि शेत शांत करून यायची. शेजारचे म्हातारे लार्स म्हणायचे, "हॅल्वर, तुझ्या पोरीला नवरा मिळणं कठीण आहे बरं. तिला बघायला येणारा गोफरासारखा बिळात पळेल!"

एक जण आला होता, पळालाही नव्हता. पण त्याच हंगामात हॅल्वर गवताच्या गंजीवरून पडले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. आई आधीच वारली होती, भाऊ कर्टिस शहरात मोटारी विकत होता. आर्डिसने त्या माणसाला "पुढच्या वर्षी बघू" असं सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने दुसरीकडे बघितलं.

हॅल्वरच्या सत्तरीला कर्टिस बायकोसह आला. शेजारीही जमले होते. केक कापून झाल्यावर हॅल्वर काठी टेकत दाराकडे गेले आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं. आर्डिस भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं, घाईघाईने हात पुसले आणि पुढे येऊन उभी राहिली.

हॅल्वरनी मला कर्टिसच्या हातात दिलं.

"घरातली बंदूक मुलाकडे जाते," ते म्हणाले. "रीतच आहे."

कर्टिस हसला. "मी काय करू हिचं, बाबा? आमच्या गल्लीत गोफर नाहीत."

"असू दे. घराण्याचं नाव राहतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लार्स तेवढे वाजवायचे राहिले. आर्डिस म्हणाली, "तेल लावत जा तिला. आणि नळी तापू देऊ नकोस."

"हो गं, मास्तरीणबाई!"

मित्रांनो, पुढचं सांगायला मला लाज वाटते. कर्टिस मला गाडीच्या मागच्या काचेशी अडकवून हिंडला. उन्हात दस्ता तडकला, बर्फात कडी गंजली. एकदा मित्रांना घेऊन तो माळावर गेला. तिथे त्यांनी पैजा लावून बारावर बार काढले. नळी इतकी तापली की हात लागला तर फोड यावा. कुणी थांबलं नाही. माझ्या नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या वळ्या त्या दुपारी जळून गेल्या. त्यानंतर माझा नेम चुकू लागला आणि कर्टिस म्हणाला, "भंगार आहे ही." होडीच्या इंजिनाच्या बदल्यात त्याने मला ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात देऊन टाकलं.

तिथे मांडणीत उभी राहून मी गिऱ्हाइकांची थट्टा ऐकली. "एकच गोळी? मग दुसरी काय टपालाने येते?" कुणी खांद्याला लावून बघे आणि म्हणे, "दस्ता लहान पोराचा आहे का काय!"

आणि एका सकाळी आर्डिस दुकानात आली. केस पिकलेले, बूट चिखलाने भरलेले. तिला बंदूक हवीच होती. गोफरांनी बांध पोखरून पाट फोडला होता आणि निम्मा लसूणघास पाण्याखाली गेला होता.

तिने मला ओळखलं. उचललं आणि खांद्याला लावलं.

"ती नका घेऊ, बाई," ड्वेन म्हणाला. "आखूड आहे, म्हणून पडून राहिलीय."

"आखूड नाही. माझ्या मापाची आहे."

तिने ठोकळा खाली सरकवला आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हिचं असं कुणी केलं?"

ड्वेनने कर्टिसचं नाव सांगितलं. आर्डिसने कडी वर घेऊन ठोकळा बंद केला.

"नवी नळी बसवून देतो की," ड्वेन म्हणाला. "बाकी जीव चांगला आहे तिचा. बंदुकीइतकाच खर्च येईल, पण जन्मभराची सोय होईल."

ती घुटमळली. माझ्या दस्त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझे वडील बाहेर गाडीत आहेत. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. डोळे गेलेत. त्यांच्या हातात देऊ का जरा?"

ड्वेन स्वतः मला घेऊन तिच्याबरोबर बाहेर आला. हॅल्वर कांबळं पांघरून बसले होते. त्यांचे हात माझ्यावरून फिरले. नळी, कडी, कापलेला दस्ता. दस्त्याच्या कापावर त्यांची बोटं थांबली. आर्डिस दाराला धरून उभी होती. ती पुढे वाकली.

"अगं, ही तर कर्टिसची!" हॅल्वर म्हणाले. "चोरांनी काच फोडून नेली म्हणत होता. बिचारा! किती वाईट वाटलं असेल त्याला. घे, घेऊन टाक. त्याला पाठवून देऊ."

आर्डिसने त्यांचं कांबळं नीट केलं. मला उचलून ती दुकानात आली आणि होती तिथे ठेवलं.

"ती काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची दे, ड्वेन."

"पण बाई, ही तुमची होती ना?"

"नव्हती," ती म्हणाली.

नवी बंदूक घेऊन ती बाहेर गेली. दार उघडंच होतं. हॅल्वरचा आवाज आला, "घेतलीस ना? कर्टिसला फोन कर हं."

"करते, बाबा. आधी गाडीचा पट्टा लावू द्या तुम्हाला."

गाडी निघून गेली. मी अजून इथेच आहे.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्हाला फार लागत नाही, कोरडं फडकं आणि थेंबभर तेल पुरतं. पण तुमच्या घरातही कुणीतरी न सांगता राबत असेल. त्याला जे द्यायचं असेल ते त्याच्याच हातात द्या, आणि चार माणसांच्या देखत द्या. उशीर झाला तर वस्तू एखादेवेळी परत समोर येते, पण ती घ्यावीशी वाटत नाही.