फणीची तोंडं

हौदाच्या तोंडात कोंबलेला चिंध्यांचा बोळा कुइदरने ओढून काढला, तेव्हा नुकते उजाडले होते. फोग्गाराचे, म्हणजे डोंगराखालच्या बोगद्यातून आलेले पाणी आधी घुटमळले, मग एकदम वाफ्यांत शिरले. खजुराच्या नव्या रोपांभोवती त्याने उन्हाच्या भीतीने झावळ्यांच्या धाग्यांचे वेढे गुंडाळले होते. एकेका वेढ्यापाशी वाकून तो पाणी मुळांपर्यंत पोचते का, ते पाहत होता.

यामिना बांधावर चहाचा पेला घेऊन बसली होती. शाळा भरायला अजून अवकाश होता.

"ताई, यंदाचे टोमॅटो आद्रारच्या बाजारात न्यायचे," कुइदर म्हणाला. "गावात एवढे खाणार कोण?"

मातीच्या बुटक्या भिंतीपलीकडे सालेमबाबांचा मळा होता. म्हातारा आपल्या हौदाच्या काठावर बसला होता आणि खाली पाहत होता. हौदाचा वरचा निम्मा भाग कोरडा, पांढुरका पडला होता.

"त्यांचा आजही भरला नाही?" यामिनाने विचारले.

"फोग्गारा थकली म्हणतात. डोंगराच्या पोटात तरी किती पाणी असणार?"

"आपल्यासाठी बरी थकली नाही."

"आपला वाटा दुप्पट आहे. आत्याचा मिळाला ना आपल्याला." एवढे बोलून कुइदर पुढच्या रोपाकडे वळला.

यामिनाने पेला विसळून पालथा घातला आणि ती शाळेत गेली.

वर्गात त्या दिवशी गोंगाट होता. सारख्या आकाराच्या पण लहानमोठ्या दोन वस्तू गावातून शोधायच्या, एकीची बाजू दुसरीच्या दुप्पट हवी, दोन्ही पुठ्ठ्यावर आखून कापायच्या आणि लहान आकार मोठ्यात किती वेळा मावतो ते सांगायचे, असा अभ्यास तिने दिला होता. मुलांनी चहाच्या तबकांचे, खिडक्यांचे पुठ्ठे आणले होते. बहूसने तर घरची एक मोठी भाकरीच आणली होती.

"आणि लहान भाकरी?"

"पुरावा पोटात गेला, बाई."

वर्ग खिदळला. यामिनालाही हसू आवरले नाही.

मग सालेमबाबांची नात तुर्किया उठली. तिने टेबलावर एक मोठा चौकोन ठेवला आणि शेजारी चार लहान. पुठ्ठा पाण्याने फुगलेला होता. मोठ्या चौकोनाचा खालचा एक कोपरा मुद्दाम तुटका कापलेला होता.

"हे कशाचे?" यामिनाने विचारले.

"फणीचे."

हसणे थांबले. फोग्गाराचे पाणी गावात येताच ज्या फणीच्या, म्हणजे दातेरी बांधाच्या तोंडांतून घराघरांत वाटले जाई, ती गेल्या हिवाळ्यात सिमेंटची झाली होती. साचा काढताना एका तोंडाचा कोपरा उडाला होता. ते तोंड कोणाचे, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

तुर्कियाने एक लहान चौकोन मोठ्यावर ठेवला. त्याला लगटून दुसरा. वरची निम्मी जागा उघडीच राहिली. तिने तिसरा ठेवला, चौथा ठेवला. आता फक्त तुटका कोपरा तेवढा चुकत होता.

"चार, बाई."

"पण बाईंचा वाटा तर दोनच..." मागून कोणीतरी म्हणाले, आणि शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले.

यामिना फळ्याकडे वळली. पाठीवर सगळ्यांची नजर जाणवत होती. तिने लिहिले: बाजू दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. शेवटच्या अक्षराशी खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने ते अक्षर पुरे केले.

"बरोबर आहे, तुर्किया. बस."

मधल्या सुट्टीत तिने मुलीला भिंतीच्या सावलीत गाठले.

"आजोबांना हे माहीत आहे?"

"हो."

"मग त्यांनी अल्लालबाबांकडे माती का नेली नाही?"

अल्लालबाबा गावचे पाणी मोजणारे. भोकाभोकांची तांब्याची पाटी लावून प्रत्येकाचा वाटा ठरवणे आणि चुकलेले तोंड मातीने लिंपून बसते करणे त्यांच्याच हातचे. दुसऱ्या कोणी फणीला बोट लावायचे नाही. पण ते आपण होऊन कधी फणीपाशी जात नसत. ज्याची तक्रार असेल त्याने मळलेली माती ताटात घेऊन त्यांच्या दारी जायचे, तरच ते उठत. गवंड्याने सिमेंट ओतले तेव्हा ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आद्रारला होते. परतल्यापासून कोणी माती नेली नव्हती.

तुर्किया चपलेच्या टोकाने वाळू उकरत राहिली.

"आजोबा म्हणतात, मुख्तार माझा दोस्त होता. तो गेल्यावर त्याच्या पोरांवर मी माती नेणार नाही." यामिनाच्या वडिलांचे नाव घेतल्यावर ती थांबली. "पुढच्या आठवड्यात आम्ही ओरानला काकाकडे जाणार. आई येईल, बाई, माझा दाखला न्यायला."

संध्याकाळी यामिनाने ते पाच पुठ्ठे कुइदरसमोर मांडले. एक, दोन, तीन, चार. त्याने एकदाच पाहिले आणि हातातला भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

"मी चोरी केली का?"

"तसं कोण म्हणतंय?"

"पंच दुप्पट म्हणाले. गवंड्यानं दुप्पट साचा केला."

"रुंदीलाही आणि उंचीलाही. नुसती रुंदी वाढवायची होती, जुन्या फणीत असायची तशी."

"तो शहरातला माणूस, त्याला काय ठाऊक? आणि मी काय करू आता? रोपं उपटून देऊ सालेमबाबांना?" त्याने ताट सरकवले. "तुला बोलायला काय जातं, ताई! तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. माझा त्या वाफ्यांत उगवतो."

"सगळी जाणार नाहीत."

"निम्मी जातील. कुठली निम्मी ते तू सांग. तू गणिताची बाई ना?"

यामिनाने त्याच्या हातांकडे पाहिले. रोपे लावताना त्याच्या तळहातांना आलेले फोड तिनेच सुईने फोडले होते.

"घरच्या माणसानंच घरावर माती नेलेली कधी ऐकलीस तरी का?" कुइदरने आवाज खाली आणून विचारले.

"नाही."

"मग?"

यामिनाने पुठ्ठे एकावर एक रचले. मोठा सर्वांत खाली ठेवला.

सकाळी बोळा निघाल्याचा आवाज झाला तेव्हा ती मळ्याच्या कोपऱ्यात बाह्या सारून उकिडवी बसली होती. पुढ्यात ताट होते. ती मातीत ओंजळीने पाणी घालून मळत होती, पण गोळा काही जमत नव्हता. बोटांमधून भुसभुशीत सुटत होता.

कुइदर पाटाच्या कडेकडेने आला आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. तिने वर पाहिले नाही. हात थांबवले तर पुन्हा चालू करता येणार नाहीत, असे तिला वाटत होते. भिंतीपलीकडे सालेमबाबा खोकले.

कुइदर ताटातल्या मातीकडे पाहत राहिला. पाणी त्याच्या पायांवरून वाहत होते.

"ती वाळू आहे," शेवटी तो म्हणाला. "दुपारपर्यंत धुऊन जाईल."

तिचे हात थांबले.

त्याने खोरे उचलले. तो नव्या रोपांच्या रांगेत गेला आणि शेवटच्या दोन रोपांमधली काळसर, चिकट माती त्याने खणून आणली. ती ताटात टाकली. खोरे पाण्यात धुतले आणि तिच्याकडे पाठ करून तो वाफ्यांकडे निघून गेला.

अल्लालबाबांचे दार उघडेच होते. म्हातारा चटईवर बसून काळ्या चष्म्याआडून उजेडाचा अंदाज घेत होता. पावलांचा आवाज ऐकून त्याने हात पुढे केला आणि ताटातल्या गोळ्यात अंगठा रुतवून पाहिला.

"चांगली मळली आहे," तो म्हणाला. मग रिवाजाप्रमाणे त्याने विचारले, "कोणाच्या तोंडावर?"

"मुख्तारच्या," यामिना म्हणाली.

म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिले. मग हात लांबवून भिंतीवरची तांब्याची पाटी काढली.