आरशातला पंजा

टाचणीनं मुलाखतीत चार आसवं गाळावीत, अशी बाईंची फार इच्छा होती. टाचणी हे प्रयोगशाळेनं ठेवलेलं नाव. अंगानं बारीक, आणि तोंड उघडलं की टोचणारी. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा पदवीधरांना वर्षभर हाताशी धरून मेंदूविज्ञानातल्या पीएच.डी.साठी तयार करायचं, हे बाईंचं काम. बाई मनानं चांगल्या होत्या, आणि हीच खरी अडचण होती.

"वडिलांचं सांग," मुलाखतीच्या सरावाला त्या म्हणाल्या. "लाद्या बसवणारा माणूस, अर्धांगवायूचा झटका, लुळा पडलेला हात. ऐकणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

"आणि माझा प्रयोग?"

"अगं, तो फसलाय ना! झाकली मूठ सव्वा लाखाची."

फसला होता हे खरंच. मेंदूला इजा झालेला उंदीर फटीतून पंजा घालून दाणा कसा उचलतो, हे ती व्हिडिओवर मोजत होती. अधू पंजा सुधारतोय असं दिसलं, तेव्हा सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. मग एकदा तिनं पिंजऱ्याला आकड्याची पट्टी चिकटवली, तर पडद्यावर आकडा उलटा. कॅमेरा उंदराला आरशातून टिपत होता. आरसा सगळ्यांना ठाऊक होता. डावं-उजवं उलटवायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं असेल, असं प्रत्येक जण धरून चालला होता. सुधारत होता तो धडधाकट पंजा. अधू पंजा होता तिथंच होता.

टाचणी तेव्हा रडली होती, चांगली हुंदके देऊन. तो पंजा बरा व्हायला तिला हवा होता, म्हणून तिनं तपासलंच नव्हतं.

घरी तिनं विचारलं, "बाबा, मुलाखतीत तुमचं सांगू?"

"माझं दुखणं माझं आहे," वडील म्हणाले. "त्या हाताचं नाव काढलंस, तर दुसरा अजून चालतो, लक्षात ठेव!"

दोघंही पोट धरून हसली.

मुलाखतीला समोर तीन प्राध्यापक होते. मधल्यांनी आवाज मऊ केला. "अशा परिस्थितीतून तुम्ही इथवर कशा आलात, ते सांगा."

टाचणीच्या डोक्यात तिडीक गेली. "परिस्थिती ठीक आहे, सर. प्रयोगाचं विचारा. निष्कर्ष चुकला होता. मीच काढला होता, मीच खोडला." आणि तिनं आरशाचं सगळं सांगितलं.

"म्हणजे हाती काहीच नाही," मधले म्हणाले.

"आहे ना. अधू पंजा का सुधारत नाही, हा प्रश्न आहे. मी तो सोडणार नाही. इथं नाही, तर दुसरीकडे."

कडेच्या प्राध्यापिका पुढे सरकल्या. "आमच्याकडेही आरसाच आहे."

"मग उलटवून मोजता ना?"

प्राध्यापिकांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं छताकडे पाहिलं. मग प्राध्यापिकांनी फोन लावला. "जुने व्हिडिओ काढून ठेवा. हो, सगळे." फोन ठेवून त्या टाचणीला म्हणाल्या, "बसा. अजून बरंच विचारायचंय." त्यांनी खोदून खोदून विचारलं, ते फक्त पंजाबद्दल. शेवटी तिघांनी मान डोलावली आणि जागा तिला दिल्याचं तिथंच सांगून टाकलं.

बाहेर बाई रुमाल घेऊन तयारच होत्या. "रडलीस?"

"नाही. जागा मिळाली," टाचणी म्हणाली. "आणि बाबांचा हात मी विकला नाही."